राखीव चॅनल

स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला दुसऱ्या बाईचा फोन हातात घ्यावा लागला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी तो घेतला, "हो, घाटावरच आहे" एवढं बोलले आणि परत दिला. वर "थँक्यू" म्हणाले. त्या थँक्यूचा राग मला आजही येतो.

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होत्या. जुना आयर्विन पूल, घाट, पलीकडचा सांगलीवाडीचा काठ, सगळीकडे माणूसच माणूस. माझा नवरा भरतेश पलीकडे, होड्या सुटतात त्या बाजूला होता. मी अलीकडे. माझ्याशेजारी तेजस्विनी शिंत्रे येऊन उभी राहिली होती. भरतेश हळद तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचा प्रमुख आहे आणि ही तेजस्विनी त्याच्यासाठी गाडी घेऊन गावोगावच्या हळदीचे नमुने गोळा करते. मी भरतेशला फोन लावला. 'सध्या सर्व चॅनल व्यस्त आहेत.' पुन्हा लावला. पुन्हा तेच. आसपासची माणसंही फोन कानाला लावून नुसती उभी होती. तेजस्विनी म्हणाली, "थांबा वहिनी, मी बघते," आणि तिनं नंबर दाबला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"सर, वहिनी माझ्याजवळच आहेत. देते हां."

एवढंच झालं. दुसरी कुणी असती तर नेटवर्कला दोन शिव्या घालून घरी गेली असती. पण मी त्या नेटवर्कचीच नियोजक. या विभागातल्या कोणत्या टॉवरला कधी किती चॅनल मिळावेत, हे बघायचाच मला पगार मिळतो. भर गर्दीत एक फोन लागतो आणि दुसरा लागत नाही, याचा अर्थ त्या घाटावर माझ्याइतका नीट कुणालाच कळत नव्हता.

तो अर्थ समजायला थोडं मागं जावं लागेल. मोबाइलचं शहर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं असतं, शेजारी शेजारी घरं आणि प्रत्येक घराला एक टॉवर. हवेतली जागा ठरावीक, तिचेच चॅनल पाडलेले. एकच चॅनल शेजारशेजारच्या दोन घरांत एकाच वेळी वापरला तर दोन्हीकडचं बोलणं एकमेकांत घुसतं. म्हणून मधली घरं सोडून पलीकडे तो पुन्हा वापरायचा. पूर्वी प्रत्येक टॉवरचा वाटा कायमचा ठरलेला असायचा. मार्केट यार्डातला टॉवर संध्याकाळी रिकामा बसला आणि मंगल कार्यालयाजवळचा तुडुंब भरला, तरी इकडचा चॅनल तिकडे जायचा नाही. मग गतिमान वाटप आलं. सगळे चॅनल एका कोठारात ठेवायचे आणि जिथं मागणी होईल तिथं त्या क्षणी द्यायचे, शेजाऱ्याला त्रास होत नाही ना एवढं बघून. काम झालं की चॅनल परत कोठारात. पंगतीतला वाढपी रिकामं पान दिसेल तिकडे वळतो, तसंच हे.

पण वाढपी कितीही हुशार असला तरी पातेल्यात भात आहे तेवढाच असतो. आता तर शेतातले पंप, विजेचे मीटर, रस्त्यावरच्या गाड्या, आकाशातले ड्रोन, सगळेच पानावर बसलेत. गर्दीच्या दिवशी भात संपणारच. मग उरलेला घास कुणाला द्यायचा? याचं उत्तर म्हणून आमच्या कंपनीनं 'जोडी' आणली. प्रत्येक ग्राहकासाठी एक माणूस राखून ठेवायचं. जग बंद पडलं तरी त्या दोघांना एक चॅनल मिळेल.

आधी आम्ही लोकांनाच विचारलं होतं, तुमचं माणूस कोण? पुरुषांनी बायकोचं नाव दिलं, नोकरदारांनी साहेबांचं, आणि वेळ आली तेव्हा फोन भलतीकडेच केले. म्हणून मग माणसांना विचारायचं सोडून यंत्राला शिकवलं. बोलता बोलता फोन तुटला तर दोन्हीकडून किती घाईनं पुन्हा लावला जातो, हे यंत्र बघतं. ज्याच्याशी तुटलेलं बोलणं सहन होत नाही, ते आपलं माणूस. आणि न उचलता हातानं कापलेला फोन असेल, तर ते माणूस नकोसं. बैठकीत हा नियम ऐकला तेव्हा मला तो फार सुंदर वाटला होता. मी मान डोलावली होती.

जोडीचं नाव गुप्त असतं. आम्हा इंजिनियरांनाही दिसत नाही. पण गर्दी झाली की आपोआप फुटतं. लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा फोन बायकोला लागेना आणि जुन्या मैत्रिणीला लागला, असले किस्से वर्षभरात गावोगाव झाले. विश्रामबागेतल्या एका डॉक्टरीणबाईंची जोडी त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशींशी लागली. त्याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. मी हे किस्से चहाबरोबर चवीनं ऐकायचे. माझी वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शर्यत कुणी जिंकली ते मला माहीत नाही. घरी यायला निघाले, रिक्षात बसले, आणि फोन दोनदा वाजला. भरतेशचा. मी सवयीनं कापला.

*

ही आमच्या घरातली जुनी रीत. कॉलेजात असताना फोनमध्ये बॅलन्स कधीच नसायचा, म्हणून मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे निघालो. तीन म्हणजे भूक लागलीय. कोणता निरोप ते वेळेवरून कळायचंच; तेवढ्या रिंगा झाल्या की समोरच्यानं फोन कापायचा, म्हणजे निरोप मिळाला. लग्न झालं, पगार वाढले, फोन करायला पैसे लागेनासे झाले, तरी रीत राहिली. माझ्या मैत्रिणींना त्याचं भारी कौतुक. मलाही होतंच.

त्या दिवशी तो दारातून आत आला तो हसतच. "नशीब, तेजस्विनी होती तिथं. नाहीतर शोधत बसलो असतो तुला."

"हो की. नशीबच."

"काय झालं?"

"कुठं काय?"

मी आमटीला फोडणी दिली, जरा जास्तच तडतडली. त्याला काही कळलं नाही. पुरुषांना फोडणीतलं काही कळत नाही. तो टेबलाशी बसून फोनवर बोलत होता, "हं, ढालगावचा नमुना ओला आहे का बघ... हॅलो? हॅलो?" आणि घाईघाईनं पुन्हा नंबर दाबत होता. कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी काही खुळी नाही. नवरा ऑफिसातल्या बाईशी बोलतो म्हणून मी कधी त्रागा केला नव्हता. पण हे कुणी शेजारणीनं कानात सांगितलेलं नव्हतं, माझ्याच यंत्रानं सांगितलं होतं. आणि त्याचा हिशेब खोटा नसतो, हे मीच लोकांना पटवत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायचं निमित्त काढून त्याच्या प्रयोगशाळेत गेले. डबा तो सकाळी घेऊनच गेला होता, म्हणून मी दुसरा केला. भरतेश आत होता. तेजस्विनी बाहेर पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होती, कोपरापर्यंत हात पिवळे. वयानं माझ्याहून लहान, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दिसायला बरी. बरीच बरी, खोटं कशाला बोलू.

"या की वहिनी! बसा. सरांचा गुडघा काय म्हणतोय? काल पुलावरनं चालत आलेत म्हणं."

"गुडघा?"

"दुखतोय न्हवं त्यांचा, दिवाळीपासनं. मी सांगितलं होतं, पट्टा बांधा म्हणून. ऐकतील तर शप्पथ."

मी म्हणाले, "बरा आहे आता." डबा टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. माझ्या नवऱ्याला गुडघा आहे हे मला ठाऊक होतं, तो दुखतोय हे नव्हतं. फोन लागला नाही त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. स्कूटर चालू करताना डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही मला रागच आला.

*

त्यानंतर मी जे केलं ते कंपनीच्या नियमात बसणारं होतं. म्हणजे कागदावर.

चालत्या गाडीतून बोलणाऱ्या माणसाचा फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, तेव्हा नव्या टॉवरकडे त्याच्यासाठी रिकामा चॅनल असावा लागतो. नसला तर बोलणं तिथंच तुटतं. म्हणून प्रत्येक टॉवरवर थोडे चॅनल अशा वाटसरूंसाठी बाजूला राखलेले असतात. बसल्या जागी नवा फोन लावणाऱ्याला ते मिळत नाहीत. किती राखायचे, ते नियोजक ठरवतो. मिरजेहून कवठेमहांकाळमार्गे जतला जाणारा रस्ता माझ्याकडे होता. तेजस्विनीची गाडी रोज त्याच रस्त्यावर.

मी त्या रस्त्यावरच्या टॉवरचं वाटसरूंचं राखण कमी केलं. कारण लिहिलं, 'स्थानिक ग्राहकांची वाढती मागणी'. बोलणंच टिकलं नाही तर जोडी कसली टिकते, असा माझा हिशेब. दंडोबाच्या डोंगराच्या वळणावर तुटेल, पुढं तुटेल, ढालगावात तुटेल. शेवटी कंटाळतील. कुणीही कंटाळेल.

फोन तुटायला लागले. मी जेवायला वाढत असताना त्याचं "हॅलो? हॅलो?" चालायचं. मनात गुदगुल्या व्हायच्या. पण हा गडी कंटाळेचना. तुटला की लगेच लावायचा. तिकडून तीही लावत असणार, कारण याला 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे' असं ऐकू यायचं, आणि हा म्हणायचा, "बघ, तीपण लावायलीय." असं म्हणून थांबायचा, फोन वाजायचा, आणि दोघं हसायचे. भात वाढता वाढता मी ते हसणं ऐकायचे.

गणपतीच्या विसर्जनाला पुन्हा गर्दी झाली. मी मुद्दाम घाटावर जाऊन त्याला फोन लावला. चॅनल व्यस्त. घरी आल्यावर विचारलं, "आज कुणाचा फोन आला होता का?"

"तेजस्विनीचा आला होता की. लगेच लागला बघ. तुमचं नेटवर्क सुधारलं म्हणायचं."

*

त्याच आठवड्यात आमच्या तक्रार खिडकीवर एक बाई भांडत होती. खिडकीवरची मुलगी रडकुंडीला आलेली, म्हणून मला बोलावलं. बाई ढालगावच्या, खोत आडनावाच्या. नवरा दुधाचा टँकर चालवतो.

"बाई, तुमी मोठ्या सायब न्हवं? मग सांगा मला. माज्या मालकाची जोडी डेरीच्या मॅनेजरसंगं लागलीया."

"अहो, असं होतं कधी कधी..."

"असं कसं हुतं? त्या मॅनेजरला ह्या एवढ्या मिशा हायत. हे दोगं दिवसभर फोनवर एकमेकांच्या आईबाईचा उद्धार करत्यात. इसर्जनाला माजा फोन लागंना, आन् त्या मिशाळाचा लागला. गावात त्वांड दाखवायची सोय राहिली न्हाई."

खिडकीवरची मुलगी हसू दाबत होती. मी विचारलं, "भांडत असतील तर एवढे फोन कशाला करतात?"

"करत कुटं? येकच असतुया, पर धड हुईल तर ना. ह्या म्हैन्यापास्नं डोंगराच्या वळणावर तुटतुया. मग ह्यो लावतुया, त्यो लावतुया. भांडाण अर्धं ऱ्हायलं की दोगांनाबी चैन पडत न्हाई."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दोन दिवसांत ठीक होईल असं सांगितलं. मग माझ्या टेबलाशी येऊन त्या रस्त्यावरचे तुटलेले फोन पडद्यावर काढले. फोन तुटला की दोघं पुन्हा लावतात. दोघांनी लावला की यंत्र म्हणतं, ही माणसं एकमेकांवाचून राहू शकत नाहीत. त्याला मिशा दिसत नाहीत, शिव्या ऐकू येत नाहीत, आणि रस्त्यावरचं वळण तर मुळीच दिसत नाही. जी माणसं सतत गाडीत असतात त्यांचे फोन सतत तुटतात, एवढं साधं होतं ते. लोकांना वर्षभर हे यंत्र समजावून सांगणारी मी, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यात भरतेश आणि तेजस्विनीचे फोन रोज तोडून त्यांची जोडी मीच घट्ट केली होती. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

मी त्या रस्त्याचं राखण पूर्ववत केलं. संध्याकाळी भरतेशला सगळं सांगितलं. न सांगता जमलं असतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

तो ऐकत गेला. मला वाटलं हसेल. हसला नाही.

"परवा त्या वळणावर तिची गाडी बंद पडली होती," तो म्हणाला. "आडबाजूला एकटी होती. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत दर दोन मिनिटांनी तुटत होता. मी लावतच बसलो, मेकॅनिक पोचेपर्यंत. ते तू केलंस?"

"मला काय माहीत गाडी बंद पडेल..."

"आणि का, तर माझा फोन तुला लागला नाही म्हणून."

"तुझा गुडघा तिला माहीत आहे," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं. "मला नाही. दिवाळीपासून."

"ती विचारते, सुकन्या. रस्त्यात कंटाळली की फोन करते, बडबडते, 'चालताना पाय का ओढता' म्हणून विचारते. मग मी सांगतो. तुला कधी सांगू? एका रिंगेत? तू तर कापतेस."

"कापायचंच ठरलंय आपलं."

"हो. ठरलंय."

तो उठून आत गेला. न उचलता कापलेला फोन म्हणजे नकोसं माणूस. आम्ही लग्नाआधीपासून एकमेकांचे फोन रोज कापत होतो. यंत्राच्या लेखी सबंध सांगलीत आमच्याइतकं एकमेकांना विटलेलं जोडपं नसेल. तेजस्विनीच्या बाबतीत यंत्र चुकलं होतं. आमच्या बाबतीत ते पुरतं चुकलंय का, हे मला ठरवता येईना. ही जळजळ आधीच्याहून वेगळी होती, कारण आता जळायला समोर कुणी बाई नव्हती.

*

पुढच्या आठवड्यात तो हळदीच्या परिषदेला वसमतला गेला. आमचं बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. पोहोचल्यावर एक रिंग आली. माझं बोट आपोआप गेलं आणि मी कापला. मग स्वतःच्याच बोटाकडे रागानं बघितलं.

परतीच्या दिवशी मी भाकरी थापत होते. फोन वाजला. पिठाचे हात वर धरून मी नुसती बघत राहिले. एक रिंग. दुसरी. एरवी मी इथं कापला असता; तोही तिकडे चपापला असणार. तिसरी वाजायच्या आत मी करंगळीनं उचलला.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. बोल."

"निघालोय."

"ते दोन रिंगांत कळलं. पुढं बोल की."

"पुढं काय बोलू?"

बसचा आवाज येत होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"दुखतोय."

"पट्टा बांधलास?"

"पट्टा कुठंय? तू बॅगेत टाकते म्हणालीस."

"टाकलाय की. बाजूच्या कप्प्यात."

"बाजूच्या कप्प्यात चिवडा आहे, सुकन्या. दोन दिवस मी लंगडतोय आणि माझ्याकडे चिवडा आहे."

"मग एक फोन करून विचारायचं."

"कुणाला विचारायचं? तू उचलतेस?"

"आज उचलला ना! आज उचलला तर तू भांडायलायस!"

"भांडत नाही. मी आपलं सांगतोय. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण कमी बोलतो कारण आपल्याला सगळं न बोलता कळतं. पण खरं सांगू का, त्या दिवशी घाटावर तू तिचा फोन घेऊन जे बोललीस ना, त्या आवाजावरून मला वाटलं, तुला मी—"

फोन तुटला. मी पिठाच्याच हातानं लगेच लावला.

'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.'

माझ्या पोटात जुनी आग भडकली. इतक्यात? माझ्याशी अर्ध्या वाक्यावर आणि लगेच तिच्याशी? मी पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर. पुन्हा. दुसऱ्या कॉलवर. तेजस्विनी रस्त्यात असेल, पट्ट्याचं विचारत असेल, हसत असतील दोघं.

चौथ्यांदा नंबर दाबता दाबता माझा हात थांबला. बस कुठल्या तरी टॉवरची हद्द ओलांडत होती. फोन मी कापला नव्हता, त्यानंही नव्हता, तो तुटला होता. आणि तुटलेला फोन तो कसा लावतो, हे महिनाभर भात वाढताना मी रोज बघितलं होतं.

तो दुसऱ्या कॉलवर नव्हता. तो मला फोन लावत होता. आणि मी त्याला लावत होते म्हणून कुणाचाच लागत नव्हता.

दोघांपैकी एकानं थांबायला हवं होतं. आमच्या घरात थांबणारी मी कधीच नव्हते. मी गॅस बंद केला, फोन ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिले. काही क्षण काहीच झालं नाही. मग वाजला. एक, पोहोचलो. दोन, निघालो. तीन, भूक लागलीय. चौथ्या रिंगेला आमच्या रीतीत काही अर्थच नव्हता. मी उचलला.

"कुणाशी बोलत होतीस एवढा वेळ?" तो म्हणाला. "मघापासून लावतोय. सारखी दुसऱ्या कॉलवर!"

त्याच्या आवाजातली ती आच मी चांगली ओळखत होते. महिनाभर ती माझ्याच पोटात होती. हे कसं होतं ते मी त्याला एका वाक्यात सांगू शकले असते, नेटवर्कची नियोजकच आहे मी. सांगितलं नाही. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "आधी तू तुझं मघाचं वाक्य पुरं कर."